आस्वादांतील खरेपणा

सत्य बोलण्याच्या कर्तव्याविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांतील बहुतेक भाग जगांत घडलेल्या गोष्टींसंबंधीं आहे. अमक्यानें पैसे घेतले कीं नाहीं, तमक्यानें वचन दिलें होतें कीं नाहीं, अशा प्रश्नांना साक्षीपुरावा असतो, आणि खोटें बोलणारास तें उघडकीस येण्याची भीति असते. पण एखादी वस्तु आपणांस आवडली कीं नाहीं, एखाद्या गाण्यानें आपलें मन खरोखर हाललें कीं नाहीं, याला आपल्यावांचून दुसरा साक्षी नसतो. या प्रांतांत खोटें बोलणारास पकडण्याचें साधन जगापाशीं नाहीं. आणि सभ्य माणसें सर्वांत अधिक खोटें याच प्रांतांत बोलतात, अशी आमची समजूत आहे. मैफलींत डोललेली मान किती आपल्या अनुभवानें डोलली व किती शेजाऱ्याच्या मानेबरोबर, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तो ठेवणें शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास अवश्य आहे काय, हा प्रश्न आम्हांस येथें विचारावयाचा आहे.

उदाहरण म्हणून आम्ही जें घेणार आहों तें कित्येक वाचकांस विचित्र, व कांहींस अनुचितहि वाटेल. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांतील जुन्या वाइन मित्रमंडळीनें जेवणाबरोबर चाखून पाहणें, हें तें उदाहरण. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मद्याचें नांव आदरानें निघत नाहीं. १९४९ सालीं मुंबई सरकारनें दारूबंदीचा कायदा केला, त्याच्यामागें दारूनें धुळीस मिळविलेल्या संसारांचा खरा अनुभव होता. त्या अनुभवाविरुद्ध आम्हांस एक अक्षरहि लिहावयाचें नाहीं. वाचकांनीं पेला हातांत धरावा अशी आमची शिफारस नाहीं. एका टेबलाभोंवतीं बसलेल्या माणसांच्या बोलण्याकडे लक्ष द्यावें, एवढीच विनंति आहे. काव्य आज आवडलें व उद्यां आवडेनासें झालें, तर पुस्तक कपाटांत असतें. मत बदलतां येतें. पण चाळीस वर्षें जपलेली बाटली एकदांच उघडते. पाऊण लिटर वाइन सहासात जणांत वांटली जाते, व तासाभरांत तिचें जें कांहीं उरतें तें केवळ त्या माणसांच्या शब्दांत उरतें. ते शब्द खोटे असतील तर पुन्हा ताडून पाहण्यास जगांत कांहींहि शिल्लक नसतें.

बर्गंडीचा जो भाग येथें अभिप्रेत आहे, तो म्हणजे दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे सुमारें पन्नास किलोमीटर गेलेली डोंगरउतरणीची एक अरुंद पट्टी. तिला कोत द'ओर म्हणतात. तेथील नांवाजलेली तांबडी वाइन जवळजवळ सर्वस्वीं एकाच जातीच्या द्राक्षापासून होते. तें द्राक्ष पिनो न्वार. येथील ड्यूक फिलिप यानें १३९५ सालीं हुकूम काढून गामे नांवाच्या भरघोस पिकणाऱ्या द्राक्षाचीं झाडें उपटावयास लाविलीं, तेव्हांपासून या पट्टींत पिनोचें राज्य आहे. द्राक्ष एकच, मग एका बाटलींत व दुसरींत भेद कशाचा? तो जमिनीचा, असें तेथील लोक सांगतात. उतरणीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकास स्वतंत्र नांव दिलेलें आहे. अशा तुकड्यांस 'क्लिमा' म्हणतात. युनेस्कोनें २०१५ सालीं यांना जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, तेव्हां त्यांची संख्या १२४७ भरली. कांहीं तुकडे आपल्याकडच्या वाडीएवढेहि नाहींत. यांतील पुष्कळ निरीक्षण ख्रिस्ती संन्याशांनीं केलें. सितो येथील मठ १०९८ सालचा. त्या मठाच्या साधूंनीं क्लो द वूजो हा सुमारें पन्नास हेक्टरांचा मळा भिंत घालून बंदिस्त केला. ते मातीची चव घेऊन तुकड्यांच्या सीमा ठरवीत, अशी दंतकथा आहे. दंतकथा खोटी असली तरी कल्पना सुंदर आहे. राज्यक्रांतींत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, व पुढें वारसांच्या वांटण्या होत होत त्या एका भिंतीच्या आंत आज ऐशींच्या आसपास मालक आहेत. वांटणीचें दुखणें केवळ कोंकणांतच आहे असें नाहीं!

ही वाइन जुनी कां करावयाची, असा प्रश्न न पिणारा माणूस साहजिकच विचारील. पिनोचें साल पातळ, त्यामुळें तिचा रंग मूळचाच फार गडद नसतो. वर्षें जातात तसतसा तो माणकाचा रंग सोडून विटेच्या रंगाकडे झुकतो. तुरटपणा देणारे पदार्थ व रंगद्रव्यें एकमेकांस चिकटून जड होतात व गाळ होऊन तळाशीं बसतात. फळाचा ताजा वास उडून जातो, व त्याच्या जागीं कुजलेल्या पाचोळ्याचा, ओल्या मातीचा, अळंब्यांचा, कधीं जुन्या चामड्याचा वास येतो. हें वर्णन ऐकून कोणाच्या तोंडास पाणी सुटेल असें वाटत नाहीं. परंतु पहिल्या पावसानंतर अंगणांतून येणाऱ्या वासानें ज्याचें चित्त एकदां तरी थांबलें आहे, त्याला ही गोष्ट अगदींच परकी वाटूं नये. शिवाय हें जुनेपण बेभरंवशाचें आहे. एकाच पेटींतील दोन बाटल्यांपैकीं एक जिवंत व एक मृत निघते, आणि जिवंत असते तीहि उघडल्यावर कधीं कधीं अर्धा तासच टिकते.

कांहीं वर्षांपूर्वीं नोव्हेंबर महिन्यांत बोन या गांवीं अशा एका जेवणास बसण्याचा योग आम्हांस आला. नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा त्या गांवचा मोठा दिवस. १४४३ सालीं स्थापन झालेल्या तेथील धर्मार्थ रुग्णालयाच्या मळ्यांतील नव्या वाइनचा जाहीर लिलाव त्या दिवशीं होतो, व ही चाल १८५९ पासून आहे. आम्ही जमलों तें मात्र एका खाजगी घरीं. सात माणसें होतीं. प्रत्येकानें एक बाटली आणावयाची, ती कापडाच्या पिशवींत झांकलेली असावयाची, आणि सर्वांचें मत बोलून झाल्यावांचून पिशवी काढावयाची नाहीं, असा त्या मंडळीचा नेम. मांस न खाणाऱ्या आम्हांस चीज घालून भाजलेल्या पोकळ वड्या, पाव व अंडीं यांवर भागवावें लागलें. मांस वर्ज्य आणि मद्य चालतें, हा काय धर्म, असें आश्चर्य यजमानांच्या चेहऱ्यावर दिसलें, व तें योग्यच होतें.

तिसरी बाटली फिरली तेव्हां घडलेली गोष्ट सांगण्याजोगी आहे. आमच्या समोरच्या गृहस्थांनीं घोट घेऊन ती 'आंबट' व 'कोरडी' ठरविली. आतां हिच्यांत राम नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. पिशवी निघाली. आंत १९७८ सालची शांबर्तँ होती. म्हणजे त्या पट्टींतील अत्यंत मानाचा तुकडा, आणि वर्षहि वाखाणलेलें. गृहस्थांनीं पुन्हा घोट घेतला. आतां जो आंबटपणा होता त्यास ते 'तेज' म्हणूं लागले, व कोरडेपणास 'गांभीर्य'. कोणी हंसलें नाहीं. कारण ते लबाडी करीत नव्हते, हें सर्वांस दिसत होतें. दुसऱ्या घोटाला त्यांना खरोखरच तेज लागलें होतें.

येथें आमच्या प्रश्नाचें पहिलें कठीण टोंक लागतें. मनांत एक व ओठांत दुसरें, एवढेंच जर खोटें असतें, तर या गृहस्थांस कोणीहि दोष देऊं शकत नाहीं. बोर्दो येथें चोपन्न विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. वाइनचें शास्त्र शिकणाऱ्या या विद्यार्थ्यांपुढें पांढरी वाइन ठेवली, व तीच वाइन वास नसलेल्या रंगानें तांबडी करून शेजारीं ठेवली. तांबड्या दिसणाऱ्या पेल्याचें वर्णन त्यांनीं तांबड्या वाइनच्या ठराविक शब्दांनीं केलें. त्यांचें नाक खोटें बोललें नाहीं; डोळ्यांनीं नाकास आधींच पढवून ठेवलें होतें. नांव, किंमत व कीर्ति हींहि तसेंच पढवितात. म्हणून आस्वादांतील खरेपणा हा केवळ जिभेवर ताबा ठेवण्याचा प्रश्न नाहीं. स्वतःला काय वाटतें हें शोधून काढण्याचें कष्ट त्यांत आहेत, आणि ते कष्ट टाळून 'मला वाटलें तें मी बोललों' असें म्हणणारा मनुष्य अर्धाच प्रामाणिक होय.

ह्यूमनें १७५७ सालच्या आपल्या रुचिविषयक निबंधांत डॉन किहोतेमधील एक गोष्ट घेतली आहे. सांचोच्या दोन नातलगांपुढें एका पिपांतील मद्य परीक्षेस ठेवलें. एक म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित् चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची लागते. लोकांनीं दोघांचीहि थट्टा केली. पीप रिकामें झाल्यावर तळाशीं चामड्याच्या वादींत बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. ह्यूमची गोष्ट चांगली खरी. पण तिच्यांत एक सोय आहे, ती आयुष्यांत नसते. बहुतेक पिपांच्या तळाशीं किल्ली नसते. त्या दोघांचा मोठेपणा किल्ली सांपडल्यामुळें सिद्ध झाला. आमच्या मतें तो त्यापूर्वींच होता. लोक हंसत असतां ते आपल्या म्हणण्यावर राहिले, आणि दोघांचीं मतें भिन्न असूनहि एकानें दुसऱ्याचें ऐकून आपलें बदललें नाहीं.

कांटला हा सगळा वाद व्यर्थ वाटला असता. १७९० सालच्या ग्रंथांत त्यानें मद्याचेंच उदाहरण घेऊन म्हटलें आहे कीं, कॅनरी बेटांतील वाइन सुखद आहे असें कोणी म्हणाला तर त्यानें 'मला' हा शब्द जोडावा. सर्वांची संमति मागण्याचा हक्क सौंदर्याच्या निर्णयास आहे, जिभेच्या सुखास नाहीं. हा भेद तर्कास धरून असेल, पण त्या टेबलावर तो टिकला नसता. तेथें कोणी 'मला' म्हणून थांबत नव्हतें. 'पुन्हा पाहा, शेवटीं एक कडवट धागा आहे', असें एक म्हणे, दुसरा पुन्हा पाही, आणि कधीं त्यास तो धागा सांपडे, कधीं न सांपडे. आपल्या भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस म्हणजे काय हें सांगतांना भोजनाचाच दृष्टांत घेतला; नानाविध व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न जेवणारा रसिक व नाटक पाहणारा प्रेक्षक यांना त्यांनीं एका पंक्तीस बसविलें. जिभेच्या अनुभवास त्यांनीं काव्यानुभवाच्या दाराबाहेर ठेवलें नाहीं, याबद्दल आम्हांस त्यांचा अभिमान वाटतो.

मग नांव झांकून चाखणें हाच खरेपणाचा एकमेव मार्ग काय? असें आम्हांस वाटत नाहीं. नांव हा नेहमींच पूर्वग्रह नसतो. कित्येकदां तें ज्ञान असतें. रोमाने-कोन्ती हा पावणेदोन हेक्टरांहून किंचित् मोठा तुकडा. तेथील जुन्या वेली कलमाशिवाय स्वतःच्या मुळांवर जगवीत आणल्या होत्या. युद्धाच्या वर्षांत त्या खंगल्या, व १९४५ च्या पिकानंतर उपटाव्या लागल्या. त्या शेवटच्या पिकाच्या सुमारें सहाशेंच बाटल्या झाल्या, आणि १९५२ पर्यंत त्या तुकड्याची वाइन झाली नाहीं. त्यांतील एक बाटली २०१८ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या लिलावांत पांच लाख अठ्ठावन्न हजार डॉलरांस गेली. एवढी किंमत देणारा मनुष्य चव विकत घेत होता, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या पैशांत जें होण्यासारखें होतें त्याचा विचार केला तर मन खिन्न होतें. परंतु ही हकीगत जाणणाऱ्या माणसानें त्या वाइनचा घोट घेतला व त्याच्या मनांत युद्ध, खंगलेल्या वेली व शेवटचें पीक यांचा विचार आला, तर त्यास खोटेपणा कसा म्हणावा?

याच्या उलट बाजूस बनावट बाटल्यांचें प्रकरण आहे. २००८ च्या एप्रिलांत न्यूयॉर्क येथें एका लिलावांत पोंसो घराण्याच्या नांवाच्या क्लो सँ-दनी या वाइनच्या १९४५ ते १९७१ सालांच्या बाटल्या मांडल्या होत्या. घराण्याचे प्रमुख लोराँ पोंसो हे समुद्र ओलांडून स्वतः हजर झाले व त्यांनीं त्या मागें घ्यावयास लाविल्या. कारण त्यांच्या घराण्यानें ती वाइन प्रथम केली तीच मुळीं १९८२ सालीं! या बाटल्या पुरविणारा रूडी कुर्नियावान याच्यावर २०१३ सालीं अमेरिकन न्यायालयांत गुन्हा शाबीत झाला व २०१४ सालीं त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. निरनिराळ्या वाइन स्वयंपाकघरांत मिसळून तो जुनेपण तयार करी. त्याच्या मेजवान्यांस बसणारे लोक नवशिके नव्हते, व त्यांनीं त्या बाटल्यांची मनापासून स्तुति केली होती. आनंद हाच जर आस्वादाचा सर्व अर्थ असेल, तर या माणसानें कोणाचें काय नेलें? पैसे नेले, हें उत्तर अपुरें आहे. त्याच्या टेबलावर फुकट जेवलेल्या माणसासहि सत्य कळल्यावर आपणांस लुबाडल्यासारखें वाटलें असेल. देवगडचा म्हणून पेटी आणून आंत दुसरीकडचा आंबा निघाला, आणि तो गोडहि निघाला, तरी घरांतील वडील माणसें जी चिडतात ती केवळ पैशाकरितां नव्हे. आनंद घेणारा मनुष्य स्वतःच्या सुखाकडे पाहत नसून त्या वस्तूकडे पाहत असतो. वस्तुच खोटी निघाली म्हणजे तो ज्याच्याकडे पाहत होता तें तेथें नव्हतेंच.

यावरून त्या मंडळीचा नेम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. प्रथम झांकून पाहावें, बोलावें, व मग नांव कळल्यावर त्या बोलण्याशीं पुन्हा झगडावें. पहिलें मत नांव कळल्यावर बदलण्यांत पाप नाहीं. तें कधीं झालेंच नव्हतें असें दाखविण्यांत आहे. शांबर्तँवाल्या गृहस्थांनीं 'मला प्रथम आंबट लागली, आतां कळतें कीं मी घाई केली', अथवा 'अजूनहि आंबटच लागते', यांपैकीं कांहींहि म्हटलें असतें तरी चाललें असतें.

पण खरी कसोटी पुढें होती. जेवण संपत आलें तेव्हां यजमान, सत्तरी ओलांडलेले, तळघरांतून एक बाटली घेऊन आले. हिला पिशवी घालावयाची नाहीं, असें ते म्हणाले. ती १९५९ सालची व्होल्ने, त्यांच्या वडिलांनीं विकत घेऊन ठेवलेली. बूच भुगा होऊन निघालें. पेल्यांत आलेला रंग चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा होता, व वास जुन्या खवट अक्रोडाचा. यजमानांनीं स्वतः अजून तोंडास लाविली नव्हती. ते सर्वांकडे पाहत होते. एकजण म्हणाला, 'आश्चर्य आहे!' दुसरा म्हणाला, 'अजून किती जिवंत!' तिसरी होती त्या मंडळीतील सर्वांत वयस्क बाई, जिचें आयुष्य वाइनच्या व्यापारांत गेलें होतें. तिनें पेला खालीं ठेवला व शांतपणें सांगितलें कीं, ही गेली आहे, बहुधा पुष्कळ वर्षांपूर्वींच. मग तिनें विचारलें, 'वडिलांनीं ही कोणाकडून घेतली होती?'

बाईनें क्रौर्य केलें काय? सत्य बोलावें पण अप्रिय सत्य बोलूं नये, अशी मनूची शिकवण आपल्या कानांवर लहानपणापासून आहे. मात्र प्रिय असलें तरी असत्य बोलूं नये, हा तिचा पुढचा भाग आपण सोयीस्करपणें विसरतों. दोन्ही पाळावयाचें तर गप्प बसणें हाच मार्ग उरतो, आणि त्या टेबलावर तर मौनहि स्तुतीइतकेंच बोलकें झालें असतें. आम्हांस विचाराल तर स्तुति करणाऱ्या दोघांनींच यजमानांस अधिक दुखविलें. ते स्वतः जाणते होते; पुढच्याच क्षणीं घोट घेऊन त्यांना सर्व कळणारच होतें. मग सभोंवतीं आनंद दाखविणारीं माणसें, आणि बाटली मेलेली आहे हें एकट्याच्या मनांत, अशा स्थितींत त्यांना आपल्याच घरीं बसावें लागलें असतें. शिवाय त्या दोघांनीं तत्पूर्वीं सहा बाटल्यांविषयीं जें जें चांगलें म्हटलें होतें, त्याची किंमत त्या एका उद्गारानें शून्य झाली.

तथापि हा नियम सर्वत्र लावूं नये. आजारांतून उठलेल्या आत्याबाईंनीं थरथरत्या हातांनीं लाडू वळले व 'कसे झाले रे?' म्हणून विचारलें, तर तो परीक्षेचा प्रश्न नसतो. 'मी अजून तुमच्या उपयोगी आहें ना?' असें त्यांना विचारावयाचें असतें, आणि त्याचें खरें उत्तर 'फार चांगले झाले' हेंच आहे. प्रश्न कोणता विचारला जात आहे हें ओळखणें हें अर्धें काम. अडचण एवढीच कीं, कटु बोलणें टाळावयाचें असलें म्हणजे प्रत्येक प्रश्न आपणांस आत्याबाईंचाच वाटूं लागतो. या मोहावर एक साधा उपाय आम्ही सुचवूं: आपल्या उत्तरानें तो मनुष्य पुढें कांहीं वेगळें करणार आहे काय, हें पाहावें.

त्या रात्रीं यजमान करणार होते. बाईच्या प्रश्नास उत्तर देतां देतां त्यांनीं सांगितलें कीं, याच वाइनच्या आणखी दोन बाटल्या खालीं आहेत, व त्या नातीच्या लग्नांत उघडण्याचा त्यांचा बेत होता. थोडा वेळ ते वडिलांविषयीं बोलत राहिले. नंतर उठून त्या दोहोंपैकीं एक घेऊन आले. तिचा रंग किंचित् तांबूस होता. बाईनें वास घेतला, घोट घेतला, आणि म्हणाली, 'ही आहे. पण पाव तासच, लवकर प्या.' या वेळीं कोणी तिच्या आधीं बोललें नव्हतें. सर्वांनीं प्यालीं; पाचोळ्याचा वास होता, आणि त्याखालीं अगदीं पुसट असें फळ होतें. पाव तासानें तें नाहींसें झालें. तिसरी बाटली लग्नापर्यंत ठेवावी कीं काय, यावर पुष्कळ वेळ चर्चा चालली होती, व आम्ही निघालों तेव्हां ती मिटलेली नव्हती.